वुड्स होलचे सहा आठवडे : जावं की न जावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहेत, कोंबडीच्या भ्रूणात पाय कसा वाढतो यावर त्यांचं काम आहे. अमेरिकेत वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत (सगळे तिला एमबीएल म्हणतात) दर उन्हाळ्यात भ्रूणविज्ञानाचा सहा आठवड्यांचा वर्ग भरतो, त्याला अर्ज करायचं त्यांच्या मनात आहे. गाईड म्हणतात, "सहा आठवडे जाणार, लाखांनी खर्च होणार आणि पेपर एकही निघणार नाही." तर तिथे नेमकं काय मिळतं, आणि परत आल्यावर त्याचा इथे काही उपयोग होतो का?

मी हा वर्ग २००९ साली केला. तेव्हा माझी पीएच.डी. संपत आली होती, विषय तुमचाच, कोंबडीचं भ्रूण. आता कॉलेजात शिकवते.

आधी गाईडच्या बाजूने बोलते. पेपर निघत नाही हे अगदी खरं आहे. तिथल्या माझ्या एकाही प्रयोगाला कुठल्याही नियतकालिकाने दारात उभं केलं नसतं. तंत्रं शिकायला म्हणून जाणार असाल तर तीही निम्म्याहून जास्त इथेच शिकता येतात. पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावर काम करण्याची परंपरा जुनी आहे. लीला मुल्हेरकर एडिंबरोहून भ्रूणशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि पुणे विद्यापीठात त्यांनी ती रुजवली. काचेच्या कड्यावर पिवळ्या बलकाचं पातळ आवरण ताणून त्यावर भ्रूण वाढवायचं, हे मी पुण्यातच शिकले, तेही वीज गेली की उबवणपेटीशेजारी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवत. हाताला वळण इथेच लागलं होतं.

पण तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं एक अज्ञान उघडं पडलं, आणि ते तुमचंही असेल म्हणून सांगते. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यातलं भ्रूण हजारो पेशींचं झालेलं असतं. पहिली विभाजनं कोंबडीच्या पोटातच उरकतात. म्हणजे पाच वर्षं भ्रूणविज्ञान करून एका पेशीच्या दोन होताना मी कधी पाहिलंच नव्हतं! पुस्तकात हजारदा पाहिलं होतं, परीक्षेत आकृती काढून गुण मिळवले होते, वर ज्युनिअर मुलांना शिकवलंही होतं.

तिथे ते एका तासात दिसतं. अर्बेशिया नावाचं जांभळं सी-अर्चिन घ्यायचं, म्हणजे समुद्री साळिंदर. त्याच्या तोंडाशी मऊ भागात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण टोचायचं. नर असेल तर दुधासारखं पांढरं वीर्य पाझरतं, मादी असेल तर लालसर अंडी. काचपट्टीवर दोन्हींचा थेंब एकत्र केला की मिनिटभरात अंड्याभोवती एक पारदर्शक कवच फुगून उठतं. मग वाट पाहायची. साधारण पन्नास मिनिटांनी अंडं मधोमध आवळलं जातं आणि दोन होतात. रात्रीचे अकरा वाजले असतील, माझ्या शेजारी बसलेला जर्मन मुलगा उठून कॉफी आणायला गेला आणि मी मात्र मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता.

जागेबद्दल थोडं. वुड्स होल हे मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडच्या नैऋत्य कोपऱ्यातलं गाव, बोस्टनच्या विमानतळावरून बसने दोनेक तास. एक मुख्य रस्ता, त्यावर उचलला जाणारा छोटा पूल. ईल पाँड नावाच्या खाडीत होडी शिरायची असली की पूल वर जातो आणि सगळे दोन्ही बाजूंना ताटकळतात, त्यात एखादे नोबेलवालेही असतात. एमबीएल १८८८ सालची, भ्रूणविज्ञानाचा वर्ग १८९३ पासूनचा. वर्गात चोवीसच्या आसपास मुलं, बरीचशी पीएच.डी. करणारी, काही पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झालेले तरुण संशोधक. दर दीड-दोन आठवड्यांनी प्राणी बदलतात आणि त्यांच्यासोबत शिकवणारेही. सी-अर्चिन, बेडूक, झेब्राफिश, कोंबडी, उंदीर, फळमाशी, गोलकृमी, प्लॅनेरिया, गोगलगायी. शिवाय म्हाकूळ. आमच्याकडे तव्यावर जाते त्याच कुळातली, पण हिच्यातली जाड नस अर्धा-एक मिलिमीटर व्यासाची असते. नसेतून विजेचा संदेश कसा जातो यावर केनेथ कोल यांनी १९३०च्या दशकात इथेच, याच नसेवर काम केलं. मी रत्नागिरीची, लहानपणापासून जेटीवर म्हाकळांचे ढीग पाहिलेले. त्या ढिगात असं काही असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

आता दिवस कसा जातो ते. सकाळी नऊला व्याख्यान, मग दुपारपासून प्रयोग, रात्री एक-दोन वाजेपर्यंत. प्रयोगशाळा बंदच होत नाही. पण माझ्या मते त्या वर्गाचा गाभा व्याख्यान आणि प्रयोग यांच्या मधल्या तासात आहे. त्याला तिथे 'स्वेट बॉक्स' म्हणतात, घाम काढणारी पेटी. व्याख्यान संपलं की वक्ता आणि विद्यार्थी एकत्र बसतात आणि विद्यार्थी त्याला प्रश्न विचारतात. घाम वक्त्याचा निघावा अशी अपेक्षा असते.

पहिले आठ-दहा दिवस घाम माझाच निघाला. मी एक शब्द बोलले नाही. इंग्रजीची अडचण नव्हती. अडचण अशी की समोर बसलेल्या बाईंच्या पेपरांवर माझा अख्खा थिसिस उभा होता, आणि त्यांना नुसतं नावाने हाक मारायची होती. "मॅडम" म्हटलं की त्या हसायच्या. आपल्याकडे प्रश्न विचारणं म्हणजे एक तर शंका निरसन नाही तर उद्धटपणा. मधली जागाच नाही. मी मनात प्रश्न घासूनपुसून तयार करायची, तो शहाणपणाचा वाटेल ना याची खात्री करायची, तोवर चर्चा तीन प्रश्न पुढे गेलेली असायची.

मग एका सकाळी एका ब्राझीलच्या मुलीने विचारलं, "तुमच्या दुसऱ्या चित्रात जो कंट्रोल आहे, तो कशाचा कंट्रोल आहे ते मला कळलं नाही." कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना. साधा प्रश्न. मलाही कळलेलं नव्हतं. वक्ते थांबले, चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खरं सांगायचं तर तो योग्य कंट्रोल नाहीये. योग्य कंट्रोल आम्हाला जमला नाही." माझ्या पाच वर्षांत एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून "जमला नाही" हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दुपारी मी वहीत मागच्या पानावर 'न कळलेलं' असं शीर्षक घातलं आणि रोज तिथे लिहू लागले. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी विचारायचं, कसंही असो. ती वही अजून आहे.

आता फसलेल्या प्रयोगाची गोष्ट, कारण तिथे सगळ्यांत जास्त शिकले ते यातून.

सी-अर्चिनचं भ्रूण दोन पेशींचं असताना त्या वेगळ्या केल्या तर प्रत्येकीपासून लहान पण पूर्ण अळी होते. हान्स ड्रीश यांनी हे १८९१ मध्ये दाखवलं. टिनोफोर नावाचे पारदर्शक प्राणी मात्र उलटे. जेलीफिशसारखे दिसतात, अंगावर फण्यासारख्या केसाळ पट्ट्यांच्या आठ रांगा असतात, त्यांच्यावर उजेड पडला की इंद्रधनुष्य धावतं. त्यांच्या दोन पेशी वेगळ्या केल्या की प्रत्येकीपासून अर्धाच प्राणी होतो, आठऐवजी चार रांगांचा. आणि तरीही मोठा झालेला टिनोफोर कापला तर तो राहिलेला भाग पुन्हा उगवतो! भ्रूणाला जे जमत नाही ते मोठ्याला जमतं, हे कसं? मला ते अर्धे प्राणी माझ्या हाताने करून बघायचे होते.

धक्क्यावरून वाकून टिनोफोर भांड्यानेच अलगद उचलावे लागतात, जाळ्यात ते चिंधड्या होतात. अंधारात ठेवले की रात्री काही तासांनी अंडी सोडतात. मग बारीक चिमट्याने आवरण काढायचं आणि दोन पेशी एकमेकींपासून सोडवायच्या. त्यासाठी हत्यार म्हणजे काडीच्या टोकाला चिकटवलेला भुवईचा केस. जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ श्पेमान यांनी पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूटच्या अंड्याला फास घालायला आपल्या तान्ह्या बाळाचा केस वापरला होता. ते वाचून मी भाचीच्या जावळातले चार केस चष्म्याच्या डबीत घालून नेले होते. तिथल्या मंडळींना ही जावळाची भानगड समजावताना एक अख्खी संध्याकाळ गेली.

पहिल्या रात्री वीस भ्रूणं सोडवली, सकाळी सगळी मेलेली. दुसऱ्या रात्री तीस, तेच. तिसऱ्या रात्री मी हात हलका केला, पाणी गार ठेवलं, तास मोजले. सकाळी पांढरट कण. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा एक म्हातारे तंत्रज्ञ आले, माझ्या बशा उजेडात धरून पाहिल्या आणि विचारलं, "या धुतल्या कुणी?" मीच धुतल्या होत्या. स्वच्छता म्हणून, साबणाने, रोज.

भ्रूणांच्या काचसामानाला साबण लागायचाच नसतो. साबणाचा अंश काचेला चिकटून राहतो आणि नाजूक भ्रूणं त्याने मरतात. तिथे ही भांडी वेगळ्या कपाटात असतात, फक्त पाण्याने धुतली जातात, त्यात रसायन कधी ओतत नाहीत. मला एकदम आजीच्या सोवळ्यातल्या भांड्यांची आठवण झाली. अर्नेस्ट जस्ट हे कृष्णवर्णीय भ्रूणशास्त्रज्ञ १९०९ पासून कितीतरी उन्हाळे इथे येत. त्या काळी अमेरिकेतल्या बड्या गोऱ्या विद्यापीठांत त्यांना जागा नव्हती, पण समुद्री अंडी हाताळावीत ती त्यांनीच, अशी ख्याती होती. त्यांचा सगळा भर अशाच गोष्टींवर: भांडं कशाने धुतलं, अंडी पाण्यात किती वेळ राहिली, पाणी किती तापलं. माझ्या पेपरांतल्या 'पद्धती' या भागात असलं काही कधीच नव्हतं.

चौथ्या रात्री, सोवळ्यातल्या बशांत, पंधरापैकी दोन जगले. चार-चार रांगांचे दोन अर्धे टिनोफोर. शंभर वर्षांपूर्वीच माहीत असलेली गोष्ट मी पुन्हा सिद्ध केली, एवढंच. पण त्या तीन रात्री इथे वाया गेल्या असत्या तर मला कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं, रसायनं किती लागली, अंडी कितीची आली, अहवालात काय लिहिणार. तिथे कुणी विचारलं नाही. उलट आठवड्याअखेरीच्या 'शो अँड टेल'ला, जिथे जो तो आपापली चित्रं दाखवतो, मी मेलेल्या बशांचे फोटो दाखवले, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

फसण्याची ही मोकळीक म्हणजे चैन आहे असं गाईडना वाटेल. त्यांना टिम हंट यांची गोष्ट सांगा. ते उन्हाळ्यात इथे यायचे. १९८२च्या जुलैमध्ये त्यांनी याच अर्बेशियाची फलित अंडी किरणोत्सारी मेथिओनीन (प्रथिनं बनायला लागणारं एक अमिनो आम्ल) घातलेल्या पाण्यात ठेवली, ठराविक मिनिटांनी थोडी थोडी काढून जेलवर चालवली, म्हणजे त्यांतली प्रथिनं पट्ट्यापट्ट्यांत वेगळी करून पाहिली. एक प्रथिन साठत जायचं आणि पेशी दुभंगण्याच्या सुमारास नाहीसं व्हायचं, पुन्हा साठायचं, पुन्हा नाहीसं. प्रथिन नुसतं बनत नाही, ठरल्या वेळी मोडलंही जातं, हे त्या पट्टीत दिसलं. त्याचं नाव सायक्लिन. २००१ चं नोबेल त्यांना हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत मिळालं. यातलं सामान आपल्याकडच्या बऱ्याच विभागांत आजही आहे. आपल्याकडे नसतो तो रिकामा जुलै.

खाणंपिणं, हवा यांचा बाऊ करू नका. भात मिळतो, डाळ मिळत नाही, लोणचं न्या. जूनमध्येही संध्याकाळी गार वारा सुटतो. चार जुलैच्या मिरवणुकीत सगळे वर्ग आपापल्या प्राण्यांची सोंगं घेऊन नाचतात आणि एकमेकांवर पाण्याचे फुगे फेकतात. मला घरची रंगपंचमी आठवली. मुलं रात्री उशिरा कॅप्टन किड नावाच्या बारमध्ये जातात, न पिणाऱ्यानेही जावं, अर्ध्या शंका तिथे सुटतात.

ग्रंथालयात मात्र एकदा एकट्याने जाऊन या. तिथे एका जपानी जीवशास्त्रज्ञाची चिठ्ठी जपली आहे. कात्सुमा दान तरुणपणी अमेरिकेत शिकले, वुड्स होललाही आले होते. १९४५ मध्ये युद्ध संपताना मिसाकी इथलं त्यांचं सागरी केंद्र जपानी नौदलाच्या ताब्यात होतं आणि अमेरिकन सैनिक येणार होते. दान यांनी दारावर इंग्रजीत चिठ्ठी लावली. तुम्ही पूर्व किनाऱ्यावरचे असाल तर वुड्स होल तुम्हाला माहीत असेल, ही तशीच जागा आहे, शस्त्रं हवी तर नष्ट करा, पण विद्यार्थ्यांची उपकरणं वाचवा, असा तिचा आशय. सहीच्या जागी 'शेवटी जाणारा' एवढंच.

आता परत आल्यावरचं. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगते. पहिले तीन-चार महिने भयंकर गेले. सगळं खुजं वाटायला लागलं. मी नोकरीला लागल्यावर उपकरणांची बारा पानी यादी करून वर पाठवली, 'निधी उपलब्ध नाही' अशा एका ओळीत परत आली. रागात मी वर्षभर काहीच केलं नाही. तो माझा मूर्खपणा. त्या यादीतल्या ज्या गोष्टींवाचून खरंच अडत होतं त्या फुकटच्या होत्या. साबण न लागलेल्या भांड्यांचा एक डबा केला, त्यावर खडूने 'सोवळं' लिहिलं. केसाच्या सुया केल्या. शनिवारी एक तास मुलांनी मला प्रश्न विचारायचे असं ठरवलं. पहिले दोन महिने "मॅडम, सगळं समजलं" यापलीकडे एक अक्षर नाही. मग न कळलेलं चिठ्ठीवर लिहून टोपीत टाकायचं, नाव घालायचं नाही, असा नियम केला, तेव्हा टोपी भरली. पहिलीच चिठ्ठी माझ्या आदल्या दिवशीच्या चुकीबद्दल होती.

मग मालवणकडे गेलो. अभयारण्याची हद्द सोडून, परवानगी काढून, अमावस्येच्या उधाणाची ओहोटी साधून. वुड्स होलला भरती-ओहोटीत जेमतेम दोन फुटांचा फरक, आमच्याकडे उधाणाला पाणी माणूसभर खाली जातं आणि खडक मोकळे होतात. दोन फेऱ्या वाया गेल्या, साळिंदरांत अंडीच नव्हती. तिसऱ्या फेरीला मिळाली. एका लॉजच्या खोलीत, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली, अकरा मुलांनी आळीपाळीने ते कवच फुगताना पाहिलं. सांगलीकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आत शिरणारा एक ठरतो, तोवर बाकीचे कसे काय थांबतात?" रात्री साडेदहापर्यंत आम्ही तेच बोलत होतो. टोचलेली साळिंदरं सकाळी परत खडकात सोडली.

तर अर्जाबद्दल. मुदत वर्षाच्या सुरुवातीलाच संपते आणि वर्ग जूनमध्ये लागतो, म्हणजे निवड झाल्यावर व्हिसासाठी हातात थोडे महिने उरतात. कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल ते संस्थेलाच विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. जे-१ (विद्यार्थी-संशोधकांच्या देवाणघेवाणीचा व्हिसा) असेल तर संस्थेकडून डीएस-२०१९ हा कागद आल्याशिवाय मुलाखतीला अर्थ नाही. कागद हाती आले की मात्र मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीची दिसेल ती पहिली तारीख पकडा.

अर्जात 'मला लहानपणापासून निसर्गाचं कुतूहल' हे लिहू नका, सगळेच लिहितात. तुमच्या कामात कुठे अडलंय ते एका परिच्छेदात लिहा, आणि तिथल्या कुठल्या प्राण्यात ते सुटू शकेल असं वाटतं ते दुसऱ्यात. शिफारसपत्र 'तूच लिही, मी सही करतो' असं झालं तर निदान त्यात तुमच्या एका फसलेल्या प्रयोगाचा उल्लेख येऊ द्या. अशी पत्रं उठून दिसतात, निवड समितीवरच्या एकाने मला हे नंतर सांगितलं.

पैसे: फी, राहणं, खाणं आणि तिकीट मिळून आकडा काही लाखांत जातो, पण तो पाहून थांबू नका. एमबीएल स्वतः बऱ्याच विद्यार्थ्यांना मदत देते, अर्जातच मागायची. विमानभाड्यासाठी केंद्र सरकारची प्रवास-अनुदानं असतात, अशा प्रशिक्षणासाठी सध्या कोणतं मिळतं ते पाहा. टाटांच्या न्यासांकडेही विचारा. माझ्या खिशातून अखेरीस गेलं ते तिकिटाचे निम्मे पैसे आणि एक स्वेटर.

गाईडना 'करिअर' हा शब्द सांगून उपयोग नाही. कोंबडीच्या भ्रूणाच्या पायात विजेच्या झटक्याने जनुक घालणं त्यांच्या प्रयोगशाळेत अजून नीट बसलं नसेल, तर "हे शिकून येते आणि दोन ज्युनिअरना शिकवते" असं लेखी द्या. जाण्याआधी थिसिसचं एक प्रकरण लिहून त्यांच्या हातात द्या. मी दिलं होतं, एनओसी दुसऱ्या दिवशी मिळाली.

सिनॉप्सिस (थिसिसआधी द्यायचा सारांश) द्यायला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर मात्र यंदा नको. डोक्यात थिसिस घेऊन तिथे गेलेली दोन मुलं मी पाहिली, सहा आठवडे कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसली होती. या वर्गाला पोस्टडॉकही चालतात, पुढच्या वर्षी जा. निवड झाली नाही तर बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत भरणाऱ्या मायक्रोस्कोपीच्या वर्गाला अर्ज करा. समुद्र नाही मिळणार, पण रात्री जागायला मिळतील.

आणि घरात कुणाचं जावळ काढायचं असेल तर चार केस मागून ठेवा. एवढा बारीक केस त्या अख्ख्या वर्गात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.